उद्या येतो म्हणालो होतो

पप्पा आयसीयूमध्ये होते तेव्हाची गोष्ट. एकूण १६ दिवस. ज्यांनी आयसीयूबाहेरच्या हॉलमध्ये रात्री काढल्यात त्यांना वेगळं सांगायला नको, ती स्टीलच्या खुर्च्यांची रांग, मागे टेकलं की मान आखडते आणि पुढे वाकलं की कंबर, आणि दार उघडल्याचा आवाज आला की सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळतात. नर्स एक नाव घेते, त्या नावाची माणसं उठतात, बाकीचे परत बसतात. आपलं नाव नाही आलं याचं बरं वाटतं आणि दुसऱ्याच क्षणी ज्यांचं आलं त्यांच्याकडे बघवत नाही.

समोरच्या रांगेत एक काका बसायचे. साठीच्या पुढचे, तीन दिवस अंगावर तोच शर्ट, पायाशी कापडी पिशवी. त्यांची बायको आत होती, नऊ नंबरच्या बेडवर. आमच्याकडे माणसांचा राबता होता, चर्चमधले लोक येत होते, फादर येऊन प्रार्थना करून गेले, मावशा, शेजारी, माझे मित्र. काकांकडे कोणीच नाही. ते खूप लांबून आले होते, भाषा वेगळी, आमचं बोलणं त्यांना तुटक तुटक कळायचं आणि त्यांचं मला जवळजवळ नाहीच.

तिसऱ्या रात्री मी त्यांच्याजवळ गेलो, खिशातून एक नोट काढली, त्यांच्या हातात ठेवली, खांद्यावर थोपटलं आणि माझ्या खुर्चीवर येऊन बसलो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. लहानपणापासून जे ऐकत आलो ते आज केलं असं वाटलं. सकाळी आई आली तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "चांगलं केलंस. नाव काय त्यांचं?"

मला माहीत नव्हतं.

"मग दिलंस कुणाला तू?" आई म्हणाली. टोमणा नव्हता तो, आई टोमणे मारत नाही, तिने खरंच विचारलं. आणि तिचा तो प्रश्न काही मनातून जाईना, अजूनही गेलेला नाही, म्हणून तर हे लिहायला बसलोय.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट, लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलेल्या माणसाला बघून देवळातला याजक आणि देवळातलाच सेवक लेवी निघून जातात आणि वैरी जमातीतला एक शोमरोनी थांबतो, ती आपण इतक्यांदा ऐकलीय की आता कानावरून निघून जाते. संडे स्कूलमध्ये आम्ही तिचं नाटक केलं होतं, मी याजक झालो होतो, स्टेजच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तोंड फिरवून चालत जायचं एवढंच काम होतं. पण त्या दिवशी दुपारी हॉलमध्ये बसून मोबाइलवर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढला आणि सावकाश, एकेक शब्द वाचला.

आधी ती वाट, यरुशलेमहून यरीहोला उतरणारी, जिच्यावर त्या माणसाला लुटलं. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर, यरीहो समुद्रसपाटीच्याही अडीचशेएक मीटर खाली, मधलं अंतर २७ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एका दिवसाच्या चालीत हजार मीटरची उतरण, दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर आणि घळी, लुटारूंना लपायला पाहिजे तेवढी जागा. अशा ठिकाणी कोणी पडलेला दिसला तर थांबायला कोण घाबरणार नाही? तो मेलेला असेल, नाटक करत असेल, ज्यांनी मारलं ते अजून तिथेच दबा धरून असतील. याजक आणि लेवी पलीकडच्या बाजूने निघून गेले ते दुष्ट होते म्हणून गेले असं मला आता वाटत नाही. ते घाईत असतील, घाबरले असतील, आणि मनातल्या मनात त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थनाही केली असेल.

आणि मग येतो तो शोमरोनी. यहुदी आणि शोमरोनी यांचं वैर किती जुनं होतं बघा, येशूच्या शंभरेक वर्षं आधी यहुदी राज्यकर्त्याने गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर पाडलं होतं, म्हणजे घराघरात सांगितली जाणारी जखम होती ती. आणि माझ्या आधी कधी लक्षातच आलं नव्हतं अशी एक गोष्ट, हा दाखला दहाव्या अध्यायात आहे ना, त्याच्या अगदी मागच्या, नवव्या अध्यायात शोमरोन्यांचं एक गाव खुद्द येशूला रात्री उतरायला जागा देत नाही. शिष्य इतके भडकतात की याकोब आणि योहान विचारतात, प्रभू, आकाशातून आग पाडून यांना भस्म करायला सांगू का. येशू त्यांना दटावतो आणि दुसऱ्या गावाला जातो. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी कोणीतरी विचारतं, "माझा शेजारी कोण?" आणि येशू ज्या लोकांनी त्याच्या तोंडावर दार लावलं त्यांच्यातलाच एक माणूस उचलून गोष्टीत मधोमध आणून ठेवतो. हे वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. आपल्याला कोणी साधं पार्किंगवरून बोललं तर आपण महिनाभर त्याचं तोंड बघत नाही.

आपल्या मराठी बायबलमध्ये आहे की त्याला पाहून शोमरोन्याला कळवळा आला. मूळ ग्रीक शब्द आहे स्प्लांख्निझोमाय, तो आलाय आतड्यांच्या शब्दावरून. म्हणजे डोक्यात विचार आला असं नाही, मनाला वाईट वाटलं असंही नाही, आतडं तुटलं. आपल्याकडे आई म्हणते ना, लेकरासाठी माझं आतडं तुटतं, अगदी तेच. लूकच्या शुभवर्तमानात हे क्रियापद तीनच ठिकाणी येतं. एकुलता एक मुलगा गेलेली नाईन गावची विधवा दिसते तेव्हा येशूच्या बाबतीत, दुसऱ्या एका दाखल्यात घर सोडून गेलेल्या उधळ्या पोराला लांबून येताना बघतो तेव्हा त्याच्या बापाच्या बाबतीत, आणि तिसरा हा शोमरोनी. येशूच्या आणि त्या बापाच्या जोडीला लूकने एका परक्या, तिरस्कार झालेल्या जातीच्या माणसाला बसवलंय.

पण मला खरं हलवलं ते पुढच्या बारीकसारीक गोष्टींनी. तो जवळ गेला. तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, पट्ट्या कुठून आणल्या असतील, स्वतःचंच कापड फाडलं असणार. आपल्या जनावरावर बसवलं, म्हणजे उरलेला रस्ता हा स्वतः पायी चालला. उतारशाळेत नेलं आणि "त्याची काळजी घेतली", आणि मग येतं "दुसऱ्या दिवशी". म्हणजे तो रात्रभर तिथे होता! कुठलातरी धंदा, कुठलातरी प्रवास सोडून एका अनोळखी माणसाच्या उशाशी त्याने रात्र काढली. सकाळी २ दिनार दिले, एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि उतारशाळेच्या मालकाला म्हणाला, याला बघ, जास्त लागलं तर मी परत येईन तेव्हा देईन.

मी परत येईन तेव्हा.

मी इतक्या वर्षांत या वाक्यावर थांबलोच नव्हतो. आपण सगळे "थांबला" इथे थांबतो. पण तो परत येणार होता. ज्याला तो मदत करतोय तो बेशुद्ध आहे, आभार मानणार नाही, ओळखणारसुद्धा नाही, तरी याने त्याला आपल्या पुढच्या प्रवासात धरलंय, जाताना आहे आणि येताना पण आहे. आणि मी काय केलं होतं? नोट ठेवली होती आणि स्वतःच्या खुर्चीत परत आलो होतो. नोट देऊन मी खरं म्हणजे त्यांच्यापासून सुटका करून घेतली होती.

संध्याकाळी गेलो त्यांच्याकडे. या वेळी बसलो शेजारी. माझं नाव सांगितलं, त्यांनी त्यांचं सांगितलं (इथे लिहीत नाही). मग त्यांनी शर्टाच्या खिशातून ती नोट काढली, चार घड्या घातलेली, तशीच होती, आणि माझ्यापुढे धरली. मी नको नको म्हणालो. त्यांनी ती परत खिशात घातली आणि पिशवीतून एक प्लॅस्टिकची फाइल काढून माझ्या मांडीवर ठेवली. त्यात सगळे रिपोर्ट, सगळे इंग्लिशमध्ये. तीन दिवस ते ती फाइल घेऊन बसले होते आणि आत काय लिहिलंय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर रोज येऊन भराभरा बोलून जायचे, हे मान हलवायचे. त्यांना एवढंच विचारायचं होतं की ती वाचणार आहे का.

त्यांना पैसे नको होते असं मी म्हणणार नाही, पैसे लागतातच, औषधांची बिलं काही मायेने भरली जात नाहीत. पण त्या घडीला त्यांना हवा होता वाचून दाखवणारा एक माणूस. आणि तो माणूस तीन दिवस समोर दहा फुटांवर बसून मोबाइल बघत होता.

मग ते रोजचंच झालं. अकराला डॉक्टर यायचे तेव्हा आधी पप्पांचं विचारायचो आणि मग काकांबरोबर उभा राहायचो, डॉक्टर सांगतील ते सोप्या शब्दात, हाताच्या खुणांनी, कधी कागदावर चित्र काढून सांगायचो. किडनीचं चित्र मला काही नीट जमलं नाही, पण त्यांना कळलं. निघताना म्हणायचो, उद्या येतो. खरं तर मी कुठे जाणार होतो, तिथेच होतो, पण रात्री आई किंवा भाऊ बसायचे तेव्हा घरी जायचो ना, म्हणून. ते मान हलवायचे.

परका या शब्दाबद्दल त्या दिवसांत खूप विचार केला. मत्तयच्या शुभवर्तमानात २५ व्या अध्यायात प्रभू म्हणतो, मी भुकेला होतो, तहानलेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, कैदेत होतो. सहा गोष्टी. यातल्या पाचांना काय द्यायचं ते समजतं, भाकरी, पाणी, कपडा, सेवा, भेट. पण परक्याला काय द्यायचं? "मला घरात घेतलंत" असं उत्तर आहे तिथे. ग्रीकमध्ये परक्याला झेनोस म्हणतात आणि पाहुण्यालाही झेनोसच म्हणतात, एकच शब्द, आणि इब्री लोकांच्या पत्रात जे अतिथिप्रेम विसरू नका म्हटलंय तो मूळ शब्दच आहे परक्यावरचं प्रेम. आपल्याकडे परका वेगळा आणि पाहुणा वेगळा, मध्ये उंबरठा आहे. आणि गंमत नाही, खरी गोष्ट आहे, हॉस्पिटल हा शब्दही पाहुण्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरूनच आलाय. मी पाहुण्यांच्या घरातच बसलो होतो म्हणजे.

आणि हे नुसतं शब्दांपुरतं नाही, तसं घडलंय. इ.स. २५० च्या आसपास रोमन साम्राज्यात भयंकर साथ आली, अलेक्झांड्रियाचा बिशप दिओनिसियस याचं पत्र टिकून राहिलंय, त्यात तो सांगतो की लोक आपल्याच आजारी माणसांना अर्धमेलं असताना रस्त्यावर टाकत होते आणि ख्रिस्ती लोक जीवाची पर्वा न करता शुश्रूषा करत होते, त्यात स्वतःही मेले. तिकडे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये बिशप सिप्रियन आपल्या लोकांना सांगत होता की फक्त आपल्याच माणसांचं केलं तर जकातदारांपेक्षा आपण वेगळं काय केलं, आणि लक्षात घ्या, हे कधी, तर छळ चालू असताना. ज्यांनी पकडून दिलं असेल त्यांच्याच घरी जाऊन पाणी पाजायचं. खुद्द सिप्रियनला २५८ मध्ये मारलं.

याची सगळ्यात भक्कम साक्ष दिलीय ती एका विरोधकाने. सम्राट जुलियन, ज्याला ख्रिस्ती धर्म मोडून जुने देव परत आणायचे होते, त्याने ३६२ च्या सुमारास गलतियातल्या आपल्या मुख्य पुजाऱ्याला पत्र लिहिलं की शहराशहरात परक्यांसाठी उतारशाळा बांधा, कारण हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणायचा) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच वर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि ही आपल्याला लाज आहे. मला हे पत्र आठवलं की प्रश्न पडतो, आज आपल्यावर राग असणारा माणूस आपल्याबद्दल अशी तक्रार करेल का? आमच्या चर्चबद्दल करेल का? मला नाही वाटत, आणि हे लिहिताना वाईट वाटतं.

कारण आपल्याकडे काय होतं तेही सांगायला हवं. मदत देताना फोटो. पाच माणसं एक पिशवी धरून उभी, आणि जिला ती पिशवी मिळतेय ती बाई मान खाली घालून. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये असं ज्या प्रभूने सांगितलं त्याच्या नावाने आपण स्टेटस ठेवतो. किंवा मदतीला गळ लावलेला असतो, आधी प्रार्थनेला या मग बघू. शोमरोन्याने त्या माणसाला शुद्धीवर आणून तुझं मंदिर कुठलं असं विचारलं नाही. ज्या दयेला अट आहे तिला दया म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कोणाला राग आला तरी चालेल. आपल्या श्रद्धेबद्दल कोणी विचारलं तर जरूर सांगावं, मी सांगतो, पण ताटाला ती बांधू नये.

आणि दुसरं, फसवतात हो लोक, हे कायम ऐकायला मिळतं. फसवतात, मलाही फसवलंय. पण संत जॉन क्रिसोस्टोमने चौथ्या शतकात अंत्युखिया शहरात बायबलमधल्या गरीब लाजरस आणि श्रीमंत माणसाच्या गोष्टीवर प्रवचनं दिली त्यात तो म्हणतो की दयाळू माणूस बंदरासारखा असतो, जहाज फुटलेला कोणी आला की बंदर त्याला आत घेतं, तो चांगला का वाईट याची चौकशी करत बसत नाही. मला हे पूर्ण जमत नाही. पण निदान एवढं तरी कळतं की दहातल्या एकाने फसवलं म्हणून उरलेल्या नऊ जणांची झडती घ्यायचा हक्क मला मिळत नाही.

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठांसाठी जो नियम लिहिला त्यात दारावर बसणाऱ्या माणसासाठी एक अख्खा अध्याय आहे. दारावर शहाणा म्हातारा मंक ठेवावा, आणि कोणी दार वाजवलं किंवा गरिबाने हाक दिली की त्याने आधी म्हणावं, "देवाचे आभार". म्हणजे कोण आहे, काय पाहिजे, किती वाजलेत, हे सगळं नंतर. आधी आभार. त्याच नियमात आहे की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्त समजून घ्यावं, आणि गरिबांची आणि यात्रेकरूंची जास्त काळजी घ्यावी, श्रीमंताला मान आपोआपच मिळतो, त्याच्या वजनानेच मिळतो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला आपला स्वभाव किती नेमका माहीत होता. आमच्या घरी बेल वाजली की माझ्या तोंडून पहिला शब्द निघतो तो "आता कोण?"

मग असं कोणाला जमतं? ज्यांना स्वतःचं परकेपण आठवतं त्यांना, असं मला वाटतं. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात देव सांगतो, परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा कारण मिसर (इजिप्त) देशात तुम्हीही परके होता. त्याच अध्यायात आहे की पीक कापताना शेताचे कानेकोपरे सोडा, सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. पुढे रूथ, परक्या देशातली विधवा, अशाच एका शेतात सरवा वेचायला गेली आणि तिच्या वंशात दावीद राजा झाला आणि येशूच्या वंशावळीत मत्तयने तिचं नाव आवर्जून लिहिलं. म्हणजे त्या शेताच्या मालकाने जर बांधावरच हाकलली असती तिला!

आपल्या मराठी माणसाला याचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण सगळे गेले, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी फिरले. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की थंडीत पांघरायला काही नव्हतं म्हणून नदीकाठी थडग्यासारखे खड्डे खणून त्यात झोपायचे आणि डोकं सोडून अंगावर वाळू ओढून घ्यायचे. हे ज्या बाईने भोगलं ती १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली, तिथे तिने उपाशी मुली पाहिल्या, आणि शेकडो मुलींना, विधवांना घेऊन आली, केडगावच्या आपल्या मुक्ती आश्रमात. लोक म्हणतात केवढं धाडस. असेलच, पण मला वाटतं त्यांना त्या मुलींच्या अंगावर ती वाळू दिसली असेल. आतडं तुटणं म्हणतात ते हेच असणार.

फ्रान्समध्ये ल शांबों नावाचं डोंगराळ गाव आहे, दुसऱ्या महायुद्धात त्या गावाने आणि आजूबाजूच्या वाड्यांनी हजारो लोकांना लपवलं, त्यात बरेचसे ज्यू, पुष्कळ लहान मुलं. पाळक आंद्रे त्रोक्मे आणि त्यांची बायको माग्दा. तिथले लोक प्रॉटेस्टंट ह्युगनो, त्यांच्या पूर्वजांना फ्रान्समध्ये पिढ्यानपिढ्या हाकललेलं, तुरुंगात टाकलेलं, त्यामुळे दारात रात्री उभा राहिलेला माणूस म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागलं नाही. युद्धानंतर त्यांना विचारलं की एवढं का केलंत तर तिथल्या लोकांना प्रश्नच कळेना, त्यात काय सांगायचं असं त्यांना वाटायचं.

मी काही रमाबाई नाही आणि आपल्यातले बहुतेक जण नसतात. पण परत जाणं जमू शकतं. १८३३ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा विशीतला कॉलेजचा पोरगा आणि त्याचे मित्र, त्यांना वादविवादात कोणीतरी विचारलं होतं की तुमच्या धर्माने पूर्वी केलं असेल, आज तुम्ही काय करताय? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मग सिस्टर रोझाली रांद्यू या गरीब वस्तीत काम करायच्या, त्यांनी या पोरांना घरं दाखवली, कसं जायचं, कसं बोलायचं ते शिकवलं. त्यातून सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी झाली, आज जगभर आहे, आमच्या चर्चमध्येही आहे. तिचं मुख्य काम काय, तर घरी जाऊन भेटणं, आणि एकदा नाही, तर पुन्हा पुन्हा त्याच घरी. पप्पा त्यात होते बरीच वर्षं. रविवारी मिस्सा झाली की बाहेर कुठेतरी जायचे आणि उशिरा यायचे, आम्हाला जेवायला उशीर व्हायचा म्हणून आम्ही कुरकुर करायचो. कुठे जातात ते मी कधी विचारलं नाही.

सोळाव्या दिवशी पहाटे चारच्या सुमाराला दार उघडलं आणि नर्सने आमचं नाव घेतलं.

पुढचा तास मला सलग आठवत नाही. आई होती रात्री, मी धावत आलो, भाऊ आईला धरून बसला, मी सह्या करत होतो, बिल काउंटर, मग परत वर, मग कुठलातरी फॉर्म खाली राहिला म्हणून परत खाली. आतून पप्पांच्या वस्तूंची पिशवी दिली, कपडे, चष्मा, रोझरी, चपला. ती मी कुठेतरी ठेवली आणि विसरलो. चर्चमधले लोक अजून यायचे होते, त्या वेळेला कोणी नव्हतं आमच्याजवळ.

सहा-साडेसहाला गाडी आली तेव्हा पिशवी आठवली. कुठे ठेवली आठवेना. वर गेलो तर काका दाराजवळ उभे. दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरलेली. ती मी खुर्चीवर ठेवली होती की जमिनीवर, देव जाणे, त्यांनी उचलली होती आणि तेव्हापासून उभेच होते, आईने नंतर सांगितलं, अडीच तास, एकदाही खाली ठेवली नाही. माझी भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची मला येत नव्हती. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि माझं डोकं धरून आपल्या खांद्यावर टेकवलं. मी तिथे पहिल्यांदा रडलो. आणि तेव्हा जाणवलं की इतके दिवस मी त्या दाखल्यात स्वतःला शोमरोनी धरून चाललो होतो. त्या पहाटे रस्त्यावर पडलेला मी होतो आणि जवळ आला तो परका.

ते गाडीपर्यंत आले. दार लावायच्या आधी मी सवयीने म्हणालो, उद्या येतो. म्हणाल्यावर कळलं काय बोललो ते.

दुसऱ्या दिवशी दफन झालं, घर माणसांनी भरलेलं, नाही जमलं. त्याच्या पुढच्या दिवशी गेलो. आई म्हणाली, जा, मी आहे. त्या हॉलमध्ये पाय टाकताना छातीत धडधडत होतं, आमच्या खुर्च्यांवर दुसरीच माणसं बसलेली, आणि काका नव्हते. नऊ नंबरचं विचारलं तर सिस्टर म्हणाली, काल वॉर्डमध्ये शिफ्ट केलं.

तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळचा बेड. काकू उशीला टेकून बसल्या होत्या, पहिल्यांदाच बघत होतो मी त्यांना. काकांनी मला पाहिलं, लगबगीने स्टूल पुढे सरकवलं, काकूंना काहीतरी सांगितलं, त्यात माझं नाव ऐकू आलं. मग उशीखालून ती फाइल काढली, नवीन रिपोर्ट वरच लावून ठेवला होता, आणि माझ्या मांडीवर ठेवली.